हेलियमच्या सहा रेषा

कॉलेज सुटून इतकी वर्षं झाली, तरी आमच्या फिजिक्स डिपार्टमेंटचे किस्से संपत नाहीत. कपाटातल्या लेन्सवर धूळ बसते तसे ते बसत जातात. रोज बघणाऱ्याला दिसत नाही, पण एक दिवस बोट फिरवलं की थर निघतो! आम्ही जुने लोक वर्षातून एकदा हैदराबादेत विद्यानगरला यादगिरीच्या घरी जमतो. तिथे एकाने तोंड उघडलं की संध्याकाळ कशी जाते कळत नाही.

एक किस्सा मात्र मी तिथे कधीच काढत नाही. तो पद्माचा. पद्मा म्हणजे एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची मुलगी, सिद्दिपेटच्या विणकराच्या घरातली. एका प्रॅक्टिकलवर तिचं पुढचं सगळं अडकलं होतं. तो इथे शेवटी सांगते. आधी बाकीचे.

*

मी तिथे लागले ती नवऱ्याच्या जागेवर. हे त्या डिपार्टमेंटमध्ये अठरा वर्षं लॅब अटेंडर होते. एका सकाळी डबा घेऊन निघाले आणि बसस्टॉपवरच गेले. मी दहावी पास, म्हणून कॉलेजने मला त्यांच्या जागी घेतलं.

पहिल्याच दिवशी हाश्मी सरांनी मला डार्करूममध्ये बोलावलं. क्वांटम मेकॅनिक्स शिकवणारे ते एकटेच. शेरवानीसारखा लांब कोट, खिशात खडू. त्यांनी विचारलं, “अम्मा, अंधेरे से डर लगता क्या?”

मी म्हटलं, “आता कशाची भीती, सर?”

त्यांनी सोडियमचा दिवा लावला आणि थांबायला सांगितलं, कारण तो तापायला वेळ लागतो. हळूहळू खोली पिवळी झाली. माझे हात, सरांचा कोट, भिंत, सगळं एकाच रंगाचं, मेल्यासारखं. सर म्हणाले की सोडियमकडे दाखवण्यासारखा हा एकच पिवळा असतो, त्यामुळे त्याच्या उजेडात दुसरा रंग दिसूच शकत नाही.

त्या महिन्यात सासूबाई मला फिक्या रंगाची साडी नेसायला लावत होत्या. मला वाटलं, या खोलीत मी लालभडक नेसून आले तरी कुणाला पत्ता लागायचा नाही! पुढे खरंच एकदा नेसून गेले. कुणाला पत्ता लागला नाही.

*

सर मला शिकवायचे, कारण ऐकणारी मी होते. ते म्हणत, अफझलगंजच्या लायब्ररीच्या पायऱ्या डोळ्यांपुढे आणा. माणूस या पायरीवर असेल नाहीतर त्या पायरीवर. दोन पायऱ्यांच्या मध्ये उभा राहिलेला कुणी पाहिलाय? अणूतला इलेक्ट्रॉनही तसाच. प्रत्येक अणूच्या पायऱ्यांची उंची वेगळी. वरून खाली उडी मारली की त्या उंचीइतका प्रकाश बाहेर पडतो, एकाच ठरलेल्या रंगाचा. म्हणून हेलियमच्या रेषा हेलियमच्याच. दुसऱ्या कुणाला त्या आणताच येत नाहीत.

एकदा वर्गात त्यांनी प्रश्न टाकला. अणूच्या मधोमध केंद्र आहे आणि ते इलेक्ट्रॉनला सतत ओढतं आहे. जुन्या नियमाने इलेक्ट्रॉन केव्हाच आत कोसळायला हवा. मग तो कोसळत का नाही? कोसळला असता तर हे टेबल नाही, आपण नाही.

यादगिरी मागच्या बाजूला खिडकीचा पडदा बसवत होता. तो माझ्याआधीपासूनचा अटेंडर. तिथूनच बोलला, “सर, नीचे सीढ़ीच नहीं तो गिरता किदर? मेरे कू देखो ना, बाईस साल से अटेंडर हूँ.”

सगळी मुलं हसली. सर हसले नाहीत. खडू खाली ठेवून म्हणाले, “लिख लो. यही जवाब है.”

*

पुढे दिवस बदलले. बाजारात नव्या गाड्या आल्या, टीव्हीवर नवे चॅनेल आले, कुकटपल्लीकडचे जुने कारखाने एकेक करून बंद पडले. अमीरपेटमध्ये जिन्याजिन्यावर कॉम्प्युटरचे क्लास निघाले. आमच्याकडे एके काळी तीस मुलं असायची. ती वीस झाली, मग बारा, आणि पद्माच्या वर्षी सात.

एका दुपारी विभागप्रमुख राव सर वर्गाच्या दारात आले. आत हाश्मी सर आणि एकटी पद्मा. राव सरांनी विचारलं, बाकीची सहा कुठे?

हाश्मी सर म्हणाले, “रजिस्टर में तो सब हैं. इलेक्ट्रॉन का भी यहीच हाल है. देखो नक्को, तो हर जगह हो सकता. देखे, तो अमीरपेट में मिलता!”

राव सरांनाही हसू आलं. पण जाताना ते मला बाजूला घेऊन म्हणाले, युनिव्हर्सिटीने कळवलंय, या वर्षी निकाल बिघडला तर कोर्स बंद. कोर्स बंद म्हणजे दोन अटेंडरमधला एक जादा. यादगिरी माझ्यापेक्षा सीनियर होता. माझी मुलगी तेव्हा बारावीला होती.

*

निकाल बिघडू नये म्हणून आमच्याकडे एक सोय होती. कपाटात एका जुन्या पहिल्या नंबराच्या विद्यार्थ्याची रेकॉर्डबुकं होती. प्रॅक्टिकल कुठलंही असो, मुलं आधी ते पुस्तक काढत, उत्तर बघत आणि मग रीडिंग मागे मागे जुळवत आणत. सगळ्यांना माहीत, सगळे गप्प. एकदा तर पाऱ्याचा दिवा आदल्या दिवशी उडालेला, मी नवा आणायला स्टोअरमध्ये गेलेले, आणि परत येते तो दोघांची रीडिंग पूर्ण!

पद्मा ते पुस्तक घ्यायची नाही. गर्व म्हणून नाही. तिला दुर्बिणीतून त्या रंगीत रेषा बघायला आवडायचं. डोळा लावला की तिच्या तोंडून आपोआप तेलुगूतलं, ‘अहाहा’सारखं “अब्बा” निघायचं. वडिलांचा माग बंद पडला होता. त्यांनी तिला सांगून ठेवलं होतं, हे एकच वर्ष. गावच्या ज्युनियर कॉलेजात तिच्यासाठी एक जागा निकालापर्यंत अडवून ठेवली होती. पास झाली तर बाई म्हणून उभी राहणार, नापास झाली तर घरी परत. घरचे तिला पुन्हा वर्षभर हैदराबादेत ठेवणार नव्हते. हे सगळं ती मला तेलुगूत सांगायची, डार्करूममध्ये दिवा तापेपर्यंत.

*

परीक्षेच्या आधी मी सगळं सामान पुसून काढलं. मला स्वच्छतेची भारी हौस. गॅसच्या काचेच्या नळ्या एका लाकडी पेटीत असत. त्यात वीज सोडली की आतला गॅस उजळतो. त्यावरच्या कागदी चिठ्ठ्या आमच्या यांनी, नवऱ्याने, लिहिलेल्या होत्या. फडका ओला होता, त्यामुळे हेलियम आणि निऑन अशा दोन चिठ्ठ्या सुटून हातात आल्या.

नव्या लिहिता आल्या असत्या. पण अक्षर यांचं होतं. हेलियममधला ‘एच’ ते शिडीसारखा काढायचे. मी दोन्ही चिठ्ठ्या पदरावर वाळवल्या आणि घरून कणकेची खळ आणून दुसऱ्या दिवशी परत चिकटवल्या.

परीक्षा दोन दिवस चालली. हाश्मी सर नव्हते, त्यांच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं. बाहेरून आलेले परीक्षक राव सरांच्या खोलीत चहा घेत बसले. कुणी कुठलं प्रॅक्टिकल करायचं ते चिठ्ठ्या उचलून ठरे, त्यात हेलियम चौघांना निघालं. नळीवर काळ्या पुठ्ठ्याचं खोकं असतं, त्याच्या फटीतून प्रकाश दुर्बिणीकडे जातो. तिघांनी हेलियमच्या सहाही रेषा अचूक लिहून दिल्या. लाल, पिवळी, हिरवी, निळ्या दोन, जांभळी.

पद्माने लिहिलं: लाल आणि नारिंगी रेषा पुष्कळ, निळी व जांभळी एकही नाही.

परीक्षकांनी तिला सगळ्यांसमोर विचारलं की दोन वर्षांत हेलियम ओळखायला शिकली नाहीस का. आणि नापास केलं.

ती माझ्याकडे आली. रडत नव्हती. म्हणाली, “अम्मा, जे दिसलं ते लिहिलं.”

ती गेल्यावर मी खोकं काढून नळी पेटवली. आबिड्सच्या दुकानांवरच्या पाट्यांसारखी लाल. ते निऑन होतं. चिठ्ठी यांच्या अक्षरातली, हेलियमची.

*

मी हाश्मी सरांच्या घरी गेले. डोळ्यांवर पट्ट्या, खाटेवर टेकून बसलेले. मी आधी माझी चूक सांगितली नाही. धीर झाला नाही. नुसतं म्हटलं, पद्माची रीडिंग वाचून दाखवते. एकेक आकडा वाचत गेले. पाचव्या आकड्याला त्यांनी हात वर केला.

“बस. ये निऑन है.”

मग त्यांनी बाकीच्या तिघांची रीडिंग विचारली. मला त्या सहा रेषा एव्हाना पाठ होत्या. सांगितल्या. मग सरांनी हळू विचारलं, “ट्यूब कौन लगाया, अम्मा?”

“मी, सर.”

त्यांनी मला कागद घ्यायला लावला आणि युनिव्हर्सिटीला पत्र लिहून घेतलं. त्यात माझं नाव नव्हतं, त्या तिघांचंही नव्हतं. नळी पेटवा आणि दुर्बिणीतून बघा, एवढंच. मी म्हटलं, सर, कुणाची साक्ष लागेल का? ते म्हणाले, “किसी की नक्को. अ‍ॅटम को झूठ बोलना आताइच नहीं.”

सही चाचपडत केली. ती ओळीच्या खाली उतरली होती.

*

पंधरा दिवसांनी कमिटी ठरली. राव सर, तेच परीक्षक आणि युनिव्हर्सिटीचे एक मोठे सर, असे तिघं. आदल्या दिवशी राव सरांनी मला बोलावलं. आवाज चढवला नाही. म्हणाले, “अम्मा, ते निऑन निघालं तर ती तिन्ही मुलं कॉपीत सापडतात. मग सगळी रेकॉर्ड उघडतील, मागच्या वर्षांचीही. डिपार्टमेंट राहत नाही. तुम्ही तुमच्या मुलीचा विचार करा.” मी मान हलवली. कशाला हलवली ते त्यांनीही विचारलं नाही.

सकाळी लवकर जाऊन मी सगळं मांडलं. नळी तीच, खोकं तेच. पद्मा सिद्दिपेटहून पहिल्या बसने आली होती. बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर बसली, मांडीवर रेकॉर्डबुक. मी तिला सांगितलं, आज फक्त बघायचंय. ती हसली.

दहा वाजता करंट गेला. उन्हाळ्यात तो रोजच जायचा, बारापर्यंत येत नसे. पंखे थांबले, पूर्ण इमारत गप्प झाली. मला वाटलं, थांबतील.

अकराला तिघं आले. परीक्षकांना दुपारची गाडी होती. राव सर म्हणाले, “अम्मा, दार लावून घ्या.”

मी दार लावलं, काळा पडदा ओढला. आत स्वतःचा हात दिसत नव्हता. मला वाटलं, आता कुणीतरी म्हणेल, करंट नाही. मीही म्हणू शकत होते. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. आधी मोठे सर वाकले. मग परीक्षक. मग राव सर. प्रत्येकाने वेळ घेतला. दुर्बीण फिरवल्याची बारीक करकर ऐकू येत होती. परीक्षक एकदा म्हणालेसुद्धा, “जांभळी जरा फिकी आहे.”

पडदा उघडल्यावर राव सरांनी खिडकीशी जाऊन कागद लिहिला. नळी पेटवून पाहिली, हेलियमच्या सहाही रेषा दिसल्या, उपकरण व्यवस्थित होतं. तिघांनी सह्या केल्या. चौथी ओळ अटेंडरची होती. पेन माझ्या हातात दिलं. मी सही केली. अक्षर चांगलं आलं.

ते जिना उतरून गेले. मी दाराला कुलूप घालून वळले तर पद्मा बाकावरून उठून उभी राहिली होती. रेकॉर्डबुक छातीशी धरलेलं. तिने वरच्या थांबलेल्या पंख्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“अम्मा,” ती म्हणाली, “करंट आल्यावर परत येणार ना ते?”