ठोकळा जमिनीवर टेकला

पुण्यातली नोकरी गेल्यावर मी परळीला घरी आले. काही वाटेनासंच झालं होतं. दिवस जावा म्हणून शिकवणीचे व्हिडिओ बघत लॅपटॉपवर एक उड्या मारायचा गेम बनवायला बसले. हिरवी जमीन काढली, वर लाल ठोकळा ठेवला. गेम सुरू केला की ठोकळा जमिनीतून आरपार खाली जायचा.

शेजारी शेंगा फोडत बसलेल्या आईनं विचारलं, "कावून पडतंय गं ते?"

"जमीन नुसती दिसायला हाय. तिच्यावर काही टेकत न्हाई."

"मग टेकव की."

दुपारभर शोधल्यावर जमीन टणक करायची सेटिंग सापडली. ठोकळा पडला आणि जमिनीवर थांबला. बटण दाबल्यावर त्यानं उडीही मारली.

"लई भारी!" आई खुलली. मला आनंद झाला नाही. वीज केंद्रातून उडून स्क्रीनवर बसलेली राख पुसून मी ठोकळ्याला उडी मारून चढायला थोडी वर एक फळी काढायला घेतली.