लढाईच्या मशीनवरची होडी

तांडेल जमिनीवरही होडीत उभं राहिल्यासारखे उभे राहत. पाय फाकवून, गुडघे जरा सैल सोडून. एक हात अधू झाल्यावर त्यांचं समुद्रावर जाणं सुटलं होतं, पण पायांना ते कुणी सांगितलंच नव्हतं. मिरकरवाड्याच्या धक्क्यापाशी त्यांची चहाची टपरी होती आणि टपरीत मुंबईच्या गोदीतल्या भंगारातून आणलेलं पिनबॉलचं मशीन. उतरतं टेबल, दांडी ओढून सोडायची पोलादी गोळी आणि समोरच्या उभ्या काचेवर शर्यतीचे घोडे. गोळी ज्या भोकात पडे त्या घोड्यामागचा दिवा लागे. कुणी मशीनला धक्का देऊन गोळी वळवायला गेला की तांडेल ओरडत, "ए, लाट आणू नको! वारा असेल तसा घ्यायचा."

मी तेव्हा शाळेत नवा मास्तर होतो. तांडेलांना वाचता येत नसे, म्हणून त्यांच्या मुलाची मुंबईहून आलेली पत्रं मी वाचून दाखवी. मला लहानपणापासून जवळचं दिसत नाही, त्यामुळे आधी चष्मा शोधणं आलं. तांडेल म्हणत, "मास्तराची वल्ही सापडली की होडी निघेल." पत्र झालं की मी घोडे पळवी. सगळ्यांत जास्त गुण माझे असत. होड्यांवर नावं रंगवणारा अंता, तांडेलांचा लहानपणापासूनचा मित्र, माझा आकडा चुन्याने भिंतीवर लिहून ठेवी.

बांगलादेशची लढाई लागली. घोड्यांचा सगळ्यांना कंटाळा आला. तांडेलांनी अंताला काच खरवडायला लावली. भोकं, तारा, दिवे जुनेच ठेवले. चित्रं तेवढी नवी, शत्रूच्या बोटींची. सर्वांत अवघड भोकाचा, हजार गुणांचा पांढरा घोडा तेवढा उरला.

"हितं मोठी आगबोट बुडताना काढतो," अंता म्हणाला.

"आगबोटी बाकीच्या भोकांत बुडव. हितं होडी काढ. पाण्यातली माणसं वर घेताना."

"कोणाची माणसं?"

"पाण्यात पडलेल्याला गाव विचारतात काय रे? आधी वर घ्यायचा, मग शिव्या घालायच्या."

"लोक हसतील, तांडेल."

"हसूदेत. तू रंगव."

अंता सगळ्यांसमोर दोन दिवस कुरकुरला. पण होडी अशी काढली की त्यातली भिजलेली माणसं बघून आपल्याला हुडहुडी भरावी.

मी बोटी बुडवत बसलो. टपरीच्या दाराशी सुकी मासळी विकणाऱ्या वहिनींनी, म्हणजे तांडेलांच्या बायकोने, एका संध्याकाळी पदराला हात पुसले, दांडी ओढली आणि तीनदा होडीमागचा दिवा लावला. "मास्तर, तुम्ही करा लढाई. मी आपली माणसं काढते." अंताने माझा आकडा पुसला. सगळी टपरी हसली.

एवढंच कारण. दुसरं काही नाही. घरी जाऊन मी डाव्या हाताने कागद लिहिला : शत्रूला वाचवणाऱ्याला हजार गुण देणारा हा तांडेल कोणाच्या बाजूचा? सकाळी कुणी यायच्या आत तो मशीनला चिकटवला.

तांडेलांनी तोच कागद माझ्या हातात दिला. "वाच, मास्तर."

चहाला जमलेल्यांसमोर मी तो मोठ्याने वाचला.

"अंताच असणार. त्यालाच ती होडी नको होती. काय?"

मी म्हणालो, "असेल."

गिऱ्हाईक कमी झालं. तांडेलांनी मशीनवर जुनं शीड टाकलं. अंता आला, त्याने मुलीची शपथ घेतली. तांडेल समुद्राकडे बघत राहिले. पुढच्या वर्षी अंता बिऱ्हाड घेऊन चिपळूणला गेला.

बऱ्याच वर्षांनी, अंथरुणाला खिळल्यावर, तांडेलांनी मला बोलावलं. मुलाच्या पत्रांच्या डब्यातून तो कागद काढला. "परत वाच." मी खिसे चाचपले, चष्मा काढून लावला. ते बघत होते.

"तेव्हा चष्मा नव्हता लावलास."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, आता शिव्या घालतील. पण त्यांनी चांगल्या हाताने माझं मनगट धरलं. "मी त्याला वाईट वागवला रे. अंताला सांगशील?"

"सांगतो, तांडेल."

"लवकर जा. तोपण म्हातारा झालाय."

आठवड्यात ते गेले. मी चिपळूणला गेलो नाही. आधी शाळेची तपासणी होती, मग घरात लग्न, मग पाऊस. मग अंता गेल्याचंच कळलं.

तांडेलांच्या नातवाने आता ते मशीन पावस गावात आपल्या खानावळीत मांडलं आहे. दिवे अजून लागतात. गेल्या आठवड्यात मी तिथे जेवत होतो. तो पाहुण्यांना सांगत होता, "आजोबांच्या सख्ख्या मित्रानेच दगा दिला."

म्हणून लिहितो. होडी अंताने काढली. कागद मी लिहिला. नातवाला हे काल सांगून आलो. तो म्हणाला, "मला सांगून काय उपयोग?"

अंताची मुलगी चिपळूणला असते. उद्या हे लिहिलेलं घेऊन तिच्याकडे जाणार आहे. तिच्या हातात देऊन म्हणेन, मोठ्याने वाच, बाय. चष्मा मी घरीच ठेवून जाणार आहे.