रुसणाऱ्यांची खुर्ची

सुगंधा गेली, असा पुतण्याचा फोन गोंदियाहून आला तेव्हा मी धान पाखडत होते. सुपातलं संपवलं, मग बसले. त्याला आता महिना झाला.

सुगंधा माझी धाकटी जाऊ, चिचगडकडच्या आमच्या गावाची सरपंच. पंचायतीत नऊ मेंबर. तिला धरून तिच्याकडचे पाच, समोर चार. निवडून आली तेव्हा गुलाल उधळला. नळाची लाइन टोलीपर्यंत, गावाबाहेरच्या वस्तीपर्यंत न्यायची, एवढंच तिचं म्हणणं होतं. टोलीच्या बाया उन्हाळ्यात नाल्यातला झिरा उकरून पाणी भरतात.

पण ठराव आला की पाचांतला एक रुसायचा. एकाला लाइन त्याच्या गोठ्यावरून हवी, तसं कबूल केलं की दुसरा फुगायचा. आमच्या घराच्या ओट्यावर एक निळी खुर्ची होती. रुसलेला तिथं येऊन बसायचा, सुगंधा चहा घेऊन समोर खाली बसायची.

"वहिनी, माहा काई मान हाये का नाई?" बुधराम विचारायचा. सगळ्यांत जास्त तोच रुसायचा.

"तुमच्याबिगर पंचायत कायची, भाऊ? चहा घ्या."

मला राग यायचा. "एवढी काऊन लाचारी करून राहिली?"

"बाई, त्या चौघायचं भेव नाई वाटत. आपल्या पाचायचं वाटते."

सात असते तर दोघांना खुशाल रुसू दिलं असतं. पाचच होते, म्हणून प्रत्येक जण स्वतःच सरपंच होता.

तिचं पोट दुखायला लागलं. देवरीच्या डॉक्टरनं लगेच गोंदियाला जायला सांगितलं. "सभा होऊ द्या," म्हणाली. आपण नसलो तर चारच उरतात, हे तिला ठाऊक होतं. पोट दाबत सभेला गेली. बुधरामनं हात वर केला, पण त्या चौघांबरोबर. ठराव पडला. मग गोंदियाच्या गाडीत बसताना ती मला म्हणाली, "बुधराम भाऊ आले तं चहा द्याल, बाई."

तेरवीनंतर तो आला. त्याच खुर्चीत बसला. तिनं सांगितलं होतं म्हणून चहा दिला.

"ठराव पुन्हा ठेवा म्हना. मी हात वर करतो."

"तुमाले धरून आता चारच होतात, भाऊ."

त्यानं चहा संपवला. तरी बसूनच राहिला. समोर खाली बसायला कोणी नव्हतं... शेवटी आपणच उठून गेला.

खुर्ची मी आत घेतली नाही. कोणी येऊन बसलंच, तर बसू दे.