बाटलीच्या गळ्यातलं कार्ड

"पयले आयका, मंग प्या."

असं म्हणून भाऊ बाटली आधी स्वतःच्या कानाला लावायचे, डोळे मिटायचे आणि मग समोरच्याच्या कानाशी धरायचे. आत फार बारीक आवाज असे. शेजारच्या घरात कुणी भजी तळत असावं आणि मधली भिंत जाड असावी, तसा. आवाज आला तर झाकण उघडायचं. नाही आला तर बाटली परत पिशवीत. "अजून झोपून हाय. उद्या उठंल."

रेवा, गेल्या वर्षी तू तुझा पॉडकास्ट पाठवलास. कोणत्या बिअरबरोबर कोणतं गाणं ऐकावं, कोणतं पुस्तक वाचावं, असा. खाली लिहिलंस, "आजी, रागावणार नाहीस ना?" निशांतने, तुझ्या भावाने, त्यावर हसणारे चेहरे टाकले. दारूबंदीच्या जिल्ह्यात जन्म काढलेल्या आजीला धक्का बसेल, असं तुम्हा दोघांना वाटलं असणार. मला बसला नाही. ही विद्या मी वर्ध्यात, कॉलेजच्या ग्रंथालयात बसून शिकले होते. त्यात दारू नव्हती, एवढंच. शिकवणाऱ्याबद्दल तुम्हाला सांगायचं मात्र राहून गेलं.

भाऊ रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होते. मी ग्रंथपाल. मधे फक्त एक व्हरांडा. त्यांच्या खाकी सदऱ्याला ॲसिडने पडलेली बारीक बारीक भोकं असत आणि कानामागे पेन्सिल. घरी ते आल्याचं पाणी आंबवायचे. आलं, गूळ, लिंबू, आणि दह्याला लागतं तसं आल्याचंच विरजण. त्या विरजणाला ते रोज चमचाभर गूळ घालत. एकदा लवकर घरी निघाले म्हणून मी कारण विचारलं, तर म्हणाले, "त्याले जेवू घालाचं राह्यलं, मॅडम." मला वाटलं, घरी कुणी आजारी आहे.

बाटल्या आर्वीच्या एका बंद पडलेल्या सोडा कारखान्यातल्या होत्या. जाड काचेच्या, तारेच्या चापाचं झाकण असलेल्या. ग्रंथालयात कॉम्प्युटर आला आणि कॅटलॉगची जुनी कार्डं रद्दीत निघाली, तेव्हा भाऊ दारात येऊन उभे राहिले. "मॅडम, ते भोकावाले कार्डं मले द्या."

खणातली सळई जाण्यासाठी त्या कार्डांना खाली मधोमध भोक असे. भाऊंनी त्यात सुतळी ओवली आणि एकेक कार्ड बाटलीच्या गळ्यात बांधलं. कार्डाच्या पुढच्या बाजूला माझ्या अक्षरात एखाद्या पुस्तकाचं नाव आणि क्रमांक. मागच्या कोऱ्या बाजूला भाऊंच्या पेन्सिलीने बाटली भरल्याची तारीख, आत काय आहे, आणि 'सोबत' असं लिहून पुढे काय वाचायचं किंवा ऐकायचं ते.

"संत्र्याची साल. सोबत: प्रवासाचं पुस्तक."

"अंबाडीची फुलं, आंबट. सोबत: घरात भांडणं असलेली कादंबरी."

"कडक आलं. सोबत: कविता. तीनच. चौथीवर गॅस जाते."

मी एकदा विचारलं, "भाऊ, एवढी पुस्तकं तुम्ही वाचलीत कधी?"

"मी कायले वाचतो? वापस कराले येते ना माणूस, त्याचं तोंड पाह्यतो. कोनाचं आंबट राह्यते, कोनाचं गोड."

मला ते पटलं नव्हतं. मी इंग्रजी घेऊन एम.ए. झालेली, पुस्तकाला क्रमांक असतो, चव नसते, असं मानणारी. पण हळूहळू ते मलाच विचारू लागले. "मॅडम, हे कसं हाय? तुरट?" आणि मी फाईल बाजूला ठेवून खरंच विचार करू लागले, की हे तुरट आहे का. ती सगळी कार्डं आम्ही दोघांनी मिळून लिहिली, असं म्हटलं तरी चालेल.

आता माझ्या चुकीबद्दल सांगते.

एका एप्रिलमध्ये ग्रंथालयात पुस्तकांचं प्रदर्शन होतं. प्राचार्यांनी परवानगी दिली, की येणाऱ्याला पुस्तक दाखवा आणि छोट्या ग्लासात भाऊंचं पाणी द्या. भाऊंनी महिनाभर जमवलेल्या बाटल्या आणून कपाटात लावल्या. "डावीकडूनच काढजा, मॅडम," असं सांगून ते पुतणीच्या लग्नाला रोहण्याला गेले.

मी कपाट पाहिलं. संत्र्याशेजारी अंबाडी, प्रवासाशेजारी कविता, काही ताळमेळ नाही. तुम्हाला तुमची आजी माहीत आहे. संध्याकाळी थांबून मी सगळ्या बाटल्या काढल्या आणि सोबतच्या पुस्तकांच्या क्रमांकाप्रमाणे नीट लावल्या. प्रवासवर्णनांचा क्रमांक मोठा, म्हणून ती शेवटच्या कप्प्यात, पश्चिमेच्या खिडकीपाशी. कपाट इतकं देखणं दिसत होतं, की मी त्याचा फोटो काढला.

भाऊंनी बाटल्या तारखेप्रमाणे लावल्या होत्या. सगळ्यात जुनी डावीकडे, ती आधी उघडायची, कारण दिवस जातील तसा आत गॅस वाढतो. सगळ्यात जुन्या बाटल्या नेमक्या प्रवासाच्या होत्या. माझ्या हाताने त्या सगळ्यात शेवटी गेल्या, त्याही उन्हात.

तिसऱ्या दुपारी पहिली फुटली. मग तिच्या शेजारची. कुणाला लागलं नाही, पण आंबलेल्या गुळाचा वास व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेला. नेमके त्या दिवशी संस्थेचे अध्यक्ष आले होते. आपल्या जिल्ह्यात तो वास ओळखायला कुणाला शिकवावं लागत नाही.

"कॉलेजात हातभट्टी लावली का?" ते म्हणाले.

भाऊंना निरोप गेला. हळदीचे डाग असलेल्या सदऱ्यातच ते एसटीने परत आले. निवृत्तीला एक वर्ष उरलं होतं. नोकरी तर होतीच पणाला, पण त्याहून मोठी गोष्ट वेगळी होती. बापाच्या दारूपायी त्यांची शाळा दहावीतच सुटली होती. त्यांनी जन्मात थेंबाला हात लावला नव्हता. आणि व्हरांड्यात पोरं आता 'हातभट्टीवाले भाऊ' म्हणू लागली होती.

अध्यक्षांनी फर्मावलं, उरलेल्या बाटलीची तपासणी इथेच, सगळ्यांसमोर करा. रसायनशास्त्राचे प्राध्यापक तयार झाले. पण चंबू, स्टँड, बर्नर, गार पाण्याची नळी हे सगळं कुठे असतं आणि कसं जोडायचं, हे एकट्या भाऊंनाच ठाऊक होतं. त्यामुळे स्वतःच्या चौकशीची सगळी मांडणी त्यांनी स्वतःच केली. बूच नीट बसलं का ते पाहिलं, बर्नरची ज्योत कमी केली, सरांना म्हणाले, "झालं, सर," आणि हात बांधून भिंतीशी उभे राहिले.

नळीतून थेंब पडू लागले. निकाल काय येणार, मला माहीत नव्हतं. मी उठले आणि म्हणाले, "बाटल्यांच्या जागा मी बदलल्या. भाऊंनी डावीकडून काढा म्हणून सांगितलं होतं. फुटल्या त्या माझ्यामुळे." मला वाटतं, आयुष्यात इतक्या लोकांसमोर 'माझं चुकलं' मी तेवढ्याच एका वेळी म्हटलं.

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते थेंबांकडे बघत होते.

सरांनी जमलेलं पाणी बशीत ओतून त्याला काडी लावली. काडी विझली. दुसरी लावली, तीही विझली. "दारू असती तर पेटलं असतं," सर म्हणाले. "आंबलेल्या ताकात असतं तेवढंच असेल काही." अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं आणि यापुढे आवारात बाटली दिसता कामा नये, असं सांगून ते गेले.

काचा झाडताना मी भाऊंना म्हटलं, "मला रागवा तरी."

"काऊन रागावू? तुमी नंबर पाह्यला, मी दिवस पाह्यतो." मग काचेचा एक तुकडा उचलत म्हणाले, "पन मॅडम, लावलं मस्त होतं तुमी."

कॉलेजात बाटली बंद झाली, म्हणून भाऊ रविवारी बाटली घेऊन आपल्याकडे येऊ लागले. निवृत्तीनंतरही येत राहिले. सुनेने त्यांच्या फोनमध्ये पॉडकास्ट लावून दिले होते. "दोन मानसं बोलून राह्यते, आपन मधात चूप," असं त्याचं वर्णन. त्यासाठी त्यांनी खास लिंबाची बाटली काढली. "बोलनं लंबं राह्यते, म्हनून पानी पातळ पाह्यजे."

रेवा, तुझा पॉडकास्ट मी त्यांना ऐकवला. इंग्रजीतलं अक्षर कळत नव्हतं, पण बाटलीसारखाच फोन कानाला लावून, डोळे मिटून त्यांनी शेवटपर्यंत ऐकला.

"काय वाटलं?"

"समजून नाई राह्यलं काही. पन पोरगी हासते ना, तवा झाकन उघडल्यावानी वाटते. याच्यासाठी एक भरतो."

पौषातल्या एका रविवारी ते ती बाटली देऊन गेले. "पंधरा दिवसानं काढजा." त्याच आठवड्यात, दुपारी जेवून पडले ते उठले नाहीत. सुनेने फोन केला. मी समुद्रपूरला, त्यांच्या घरी जाऊन आले. ओट्याखाली विरजणाची बरणी होती. तिला रोज गूळ घालायचा, हे सुनेला माहीत होतं.

बाटली मी मोजून पंधराव्या दिवशी काढली. आधी कानाला लावली. आत भजी तळली जात होती. कार्ड उलटून पाहिलं. तारीख होती, खाली लिहिलं होतं, "आलं जास्त. सोबत: नातीचं बोलनं. ती हासली का एक घोट."

मी तुझा पॉडकास्ट लावला. तू भरपूर हसतेस, रेवा. अर्ध्यातच बाटली संपली.

भाऊंची सगळी कार्डं माझ्या टेबलाच्या खणात आहेत. हे कार्डही सुतळी सोडून त्यांच्यात ठेवलं. पुढच्या बाजूच्या क्रमांकाप्रमाणे त्याची जागा बरीच आधी आली असती. मी ते शेवटी ठेवलं, दिवसाप्रमाणे.