खालची पट्टी

लातूरच्या कोचिंग क्लासमध्ये मी फिजिक्स शिकवायचो, आणि आम्हा मास्तरांचा एक बँड होता. मॅथ्सचे सर पेटी घेऊन गायचे, केमिस्ट्रीचे सर तबल्यावर. गाण्यामागे कीबोर्डचे लांब सूर धरायला माझा जीव नुसता आसुसला होता. पण गाणारे सर म्हणायचे, पेटी आहे तेवढी पुरे. शेवटी नांदेडहून घरचा कीबोर्ड एसटीत मांडीवर घेऊन आलो, तेव्हा ते वैतागून म्हणाले की एकदाच संधी मिळेल.

ती मिळाली किल्लारीकडे, भूकंपानंतर नव्याने वसवलेल्या एका गावात. तिथली आमची विद्यार्थिनी मेडिकलला लागली होती, गावातली पहिलीच, तिचा सत्कार होता. पत्र्याची शेड खच्चून भरलेली, माझी बोटं शिवशिवत होती. पहिल्या गाण्यामागे व्हायोलिनांचे सूर सोडले, तर सरांनी गाता गाता वळून पाहिलं. मग काय, स्वारी हवेत! दुसऱ्या गाण्याला सगळ्यात खालची पट्टी दाबून धरली. स्पीकरमधून खोल घुमारा उठला आणि पत्रे थरथरले.

पुढच्या बाया उठल्या. ओरडलं कुणीच नाही. लेकरांचे हात धरून मिनिटभरात सगळं गाव बाहेर मोकळ्यावर उभं राहिलं.

तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं आणि मी हात उचलला. रोज तीन बॅचना कंपनं शिकवणारा मी शहाणा, नेमका याच गावात पत्र्याखाली हे करून बसलो होतो. मेल्याहून मेल्यासारखं झालं. सरांनी माइकवरून माफी मागितली आणि मला हळूच सांगितलं, गुंडाळा.

मी वायर काढायला वाकलो तोच त्या मुलीची आई पदर खोचून स्टेजवर आली. कुठली पट्टी, म्हणाली. दाखवली. तिने स्वतः दाबली, पत्रे थरथरले. उचलली, शांत. पुन्हा दाबली, पुन्हा उचलली.

"हात उचलला की थांबतंय व्हय?"

"हो."

तिने बाहेर तोंड केलं. "या गं आत. ह्ये आपल्या हातात हाय."

गाव आत आलं. सरांनी पेटी बाजूला सारली आणि तेच गाणं पुन्हा धरलं. वरचे सूर मी वाजवले. खालची पट्टी तिने सोडलीच नाही. गाणं संपल्यावर तिने बोट उचललं, शेड शांत झाली, आणि टाळ्यांनी पत्रे पुन्हा थरथरले. या वेळी कुणी उठलं नाही.