मुहूर्ताचा काप

दादाचा उजवा हात थरथरू लागला तेव्हा सुरुवातीला आम्ही घरच्यांनी चहाच्या कपाला दोष दिला. कप काठोकाठ भरू नका, बशी मोठी द्या, वगैरे. मग कराडच्या डॉक्टरांनी कंपवात म्हणून सांगितलं आणि बशीचा विषय संपला.

दादा माझा थोरला भाऊ. लष्करात गाड्या दुरुस्त करण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली. निवृत्तीनंतर त्याने मलकापुरात घरामागे पत्र्याची शेड घातली आणि लोखंड कापण्या-जोडण्यात रमला. गल्लीतली बरीच फाटकं त्याच्या हातची. कापायला होता हातात धरायचा ग्राइंडर. त्याच्या चकतीवरचं गार्ड आडवं येतं म्हणून पहिल्याच दिवशी काढून खुंटीला लावलेलं, इथल्या सर्व जाणकारांच्या रिवाजाप्रमाणे. उन्हाळ्यात त्या ग्राइंडरची चकती दादाच्या मांडीला चाटून गेली. पँट फाटली, खालचं कातडंही थोडं.

वहिनींनी मला बाजूला घेतलं. "भावजी, शेड बंद करा म्हणलं तर हे जेवायचं सोडतील. चालू ठिवली तर बोटं जातील. तुमी शिकल्यालं हाय. एखादं बिनघोर मशीन बगा की."

शिकलेल्या माणसाने करायचं ते मी केलं. माहितीपत्रकं वाचली, व्हिडिओ पाहिले. प्रत्येक व्हिडिओत दोन्ही हात स्थिर असलेला माणूस होता.

पर्याय दोन निघाले. एक चॉपसॉ. टेबलावर बसवायचा, मोठी चकती, मुठीतला खटका दाबून धरायचा आणि चकती वरून खाली आणायची. काम झटपट, ठिणग्या भरपूर. दुसरा बँडसॉ. त्याचं पातं पट्ट्यासारखं फिरतं, स्वतःच्या वजनाने सावकाश खाली उतरतं, आणि तुकडा पडला की यंत्र आपलं आपण बंद होतं.

"बँडसॉ म्हंजे म्हातारी भाकरी चावती तसं हाय रं," दादा म्हणाला. "त्यात माणूस काय करतो?"

"उभा राहतो."

"मग त्याला मी कशाला पायजे?"



दसऱ्याला आम्ही कराडच्या दुकानात गेलो. यंत्रांना झेंडूचे हार होते. दारातल्या फलकावर मालक स्वतः हात जोडून उभे होते, इतके मोठे की मागचं दुकान दिसत नव्हतं. दादा तिथलं जुनं गिऱ्हाईक; त्याला पाहताच खरे मालक पुढे आले, त्याच्या खांद्यावर शाल घातली आणि गर्दीला म्हणाले, "आज मुहूर्ताचा काप फौजीसाहेबांच्या हस्ते!" चॉपसॉ पुढे ओढला गेला. फोन वर झाले. मी नको म्हणायला तोंड उघडलं, पण सत्कार एकदा सुरू झाला की तो थांबवायची सोय आपल्याकडे नाही.

दादाने आधी यंत्रावरचा हार काढला, मग खांद्यावरची शाल. "फिरत्या चाकापाशी लोंबतं कायबी नको." डाव्या हाताने पाइप यंत्राच्या शिकंज्यात घट्ट आवळला. उजव्या हाताने मूठ धरली आणि खटका दाबला.

यंत्र गरजलं आणि विझलं. परत गरजलं, परत विझलं. हाताची थरथर बोटात, बोटाची खटक्यात, आणि तिथून सगळ्या दुकानाला ऐकू. तोवर तो आजार निदान मुका तरी होता.

"स्विच गेलाय शेठ," एक ठेकेदार म्हणाला. "दुसरा पीस काढा."

"व्हय व्हय, स्विचच," मालक घाईने म्हणाले.

दादाने मूठ सोडली. "स्विच चांगला हाय. हात गेलाय."

फोन खाली आले. एक तेवढा वरच राहिला. दादाने शालीची नीट घडी करून ती चॉपसॉवर ठेवली. "त्ये म्हातारीचं दावा."

बँडसॉला बटण होतं. एकदा दाबलं की झालं. दादाने ते अंगठ्याने दाबलं आणि परेडमध्ये विश्रामला उभे राहतात तसा उभा राहिला, पाठीमागे डाव्या हाताने उजवं मनगट धरून. पातं चावत राहिलं. कंटाळून लोक पेढ्यांकडे वळले. शेवटी तुकडा पडला, यंत्र थांबलं. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत.

"ह्येच द्या," दादा म्हणाला.

वहिनी खूश झाल्या. यंत्र शेडमध्ये बसलं तसं दादाने मला स्टीलचा पाइप आणायला पिटाळलं. न्हाणीघरात धरायला दांडे करायचे होते. खुणा मी करायच्या, कारण त्याच्या हातून रेघ सरळ येत नव्हती. सरावाला दिलेल्या तुकड्यावर माझीही येत नव्हती.

"पूस. एवढी जाड रेघ? कुठनं कापायचं, हिकडनं का तिकडनं? पुस्तकं वाचून डोळं गेलं काय तुजं?"

मग आम्ही न्हाणीघरात मापं घेतली. पहिला दांडा त्याच्या कमरेच्या उंचीवर. दुसऱ्यासाठी त्याने भिंतीवर बरीच खालची जागा दाखवली, उभं राहता न येणाऱ्या माणसाचा हात पोचेल अशी.

"हा कुणाला?" मी विचारलं.

"मलाच. लागंल पुढं. तवा कापायला कुणाला हुडकत बसू?"

शेडमध्ये येऊन मी पाइपवर रेघ मारली. त्याने ती पात्याखाली आणली, पाइप आवळला आणि बटण दाबलं.