नवरीच्या हातात चुडा नव्हता

ती घटना अजून माझ्या मनातून गेलेली नाही. परवा इथल्या रुवीच्या बाजारात नातीला बांगड्या घेताना पुन्हा समोर उभी राहिली. मी निवृत्त पोलीस अधिकारी. आता आखातात, अल् घुब्रात मुलाकडे असते, पण नजर काही निवृत्त होत नाही बघा.

तेव्हा मी तालुक्याच्या ठाण्यात फौजदार होते. शाळेच्या बाईंनी खबर आणली, सातवीतल्या मुलीचं दुपारी लग्न आहे. बालविवाहबंदीचा तो जुना कायदा मोठा अडचणीचा. वॉरंटशिवाय अटक नाही, आणि एकदा लग्न लागलं की ते कायम. म्हणजे जे करायचं ते अक्षता पडण्याआधी. डायरीत नोंद केली, कोर्टातून मनाई हुकूम घेतला आणि बाईंना जीपमध्ये घालून निघालो. पोचलो तेव्हा मुहूर्ताला वीस मिनिटं उरली होती.

मांडवात बघते तर नवरी चांगली थोराड. जीप वेशीवर दिसताच निरोप गेला होता, हे नंतर कळलं. मुलीचा बाप शांतपणे म्हणाला, "ही माझी पुतणी, बाई. एकोणीस पूर्ण. दाखला बघा, जेवा आणि जा."

"आणि तुमची मुलगी?"

"मामाकडे गेलीय."

दाखला खरा होता. भटजी घड्याळ बघत होते. आम्ही निघालो की नवरी बदलणार, हे दिसत होतं, पण हातात काही नव्हतं. तेवढ्यात नवरीच्या मनगटांकडे लक्ष गेलं. हिरवा चुडाच नाही. कासारीण पंगतीत बसली होती.

"मावशी, काल चुडा कोणाला भरलात?"

ती बापाकडे बघू लागली.

"तिकडे नको, इकडे बघा. जबाब लिहून घेऊ का?"

"बारका हात होता, साहेब. अगदी बारका."

मुलगी धान्याच्या खोलीत सापडली, शालीत गुंडाळलेली. दोन्ही मनगटं हिरवीगार. आईला विचारलं, "लपवायचंच होतं, तर बांगड्या का नाही उतरवल्या?"

"लग्नाआधी चुडा कसा उतरवायचा, बाई? अभद्र असतं."

पंचांसमोर हुकूम बजावला. वऱ्हाड परत गेलं. मुलगी हळूच म्हणाली, "शाळेत बांगड्या चालत नाहीत." बाईंनी साबण लावून एकेक काढली. आईनं त्या पुसून पदरात बांधल्या, नीट गाठ मारून.

ती गाठ बघितली आणि मला कळलं, कायद्यानं एक मुहूर्त चुकवता येतो. दुसरा ठरला तर तो पोलिसाला कोण सांगणार? महिन्याभरात माझी बदली झाली. पुढचं कळलं नाही.

रुवीत नात म्हणाली, "आजी, लास्ट इयरचा साइझ जातच नाही." दुकानदार मोठ्या बांगड्या आणायला आत गेला. मी तिचं मनगट धरून बसले. आईच्या पदराची ती गाठ सुटण्याआधी त्यातल्या बांगड्या त्या पोरीलाही लहान झाल्या असतील ना, एवढंच डोक्यात.